बालमैत्री आणि सोबत वाढण्याचे शिक्षण : एक समाजशास्त्रीय विवेचन

गोषवारा

बालकाच्या सामाजिकीकरणाची चर्चा करताना कुटुंब आणि शाळा या दोन संस्थांचा विचार विस्ताराने होतो; समवयस्क सोबत्यांचा विचार मात्र ओझरताच होतो. प्रस्तुत लेखात बालमैत्री हे शिक्षणाचे स्वतंत्र क्षेत्र मानून तिच्यातून मिळणाऱ्या धड्यांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. त्यासाठी मराठी मुलांच्या खेळातील रूढ शब्द व संकेत, तसेच मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांतील काही महत्त्वाची संशोधने यांचा आधार घेतला आहे. एकाच वर्गात असणे आणि सोबत वाढणे यांतील फरक, विषमतेचा मैत्रीवर होणारा परिणाम, महाराष्ट्रातील बदलती परिस्थिती आणि अध्यापकांची जबाबदारी या मुद्द्यांची चर्चा लेखाच्या उत्तरार्धात केली आहे.

बीजशब्द : बालमैत्री, समवयस्क गट, सामाजिकीकरण, खेळ, समता, शालेय प्रवेश, स्थलांतर.

प्रस्तावना

मराठीत मित्रासाठी असलेल्या शब्दांपैकी अनेक शब्द थेट बालपणाकडे निर्देश करतात. सवंगडी हा खेळातला सोबती, भिडू हा आपल्या बाजूने खेळणारा, तर लंगोटीयार हा कळू लागण्याच्याही आधीपासूनचा मित्र. या तीन शब्दांत मैत्रीचे तीन वेगवेगळे आधार दिसतात : एकत्र खेळणे, एका बाजूला असणे आणि एकत्र काळ घालविणे. मोठेपणी होणाऱ्या मैत्रीस समान व्यवसाय, समान विचार किंवा समान हित यांचा आधार असतो. बालपणीच्या मैत्रीस मात्र अनेकदा एकच गल्ली, एकच बाक किंवा एकच वाट एवढे कारण पुरते. म्हणूनच ही मैत्री कोणाशी होणार हे बव्हंशी प्रौढांनी ठरविलेल्या गोष्टींवर अवलंबून असते. आपण कोठे राहतो, मुलाला कोणत्या शाळेत घालतो, कोणाच्या घरी जाऊ देतो, यावरून मुलाचे सोबती ठरतात.

आईवडील व शिक्षक यांच्याशी मुलाचे असलेले नाते उतरंडीचे असते. तेथे एक सांगणारा आणि दुसरा ऐकणारा असतो. सोबत्याशी असलेले नाते समपातळीवरचे असते. तेथे कोणालाही उपजत अधिकार नसतो. परस्परांचे म्हणणे पटवावे लागते, अडवणूक सोसावी लागते, तडजोड शोधावी लागते. या नात्यातून मूल नेमके काय शिकते, ते शिकण्यासाठी कोणती परिस्थिती आवश्यक असते आणि ती परिस्थिती आज कितपत उपलब्ध आहे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

समवयस्कांचा सहवास आणि मैत्री यांत भेद करणे आवश्यक आहे. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत शालापूर्व वयातील मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदविले. एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, परस्परांशी देवघेव करीत खेळणे आणि शेवटी कामाची वाटणी करून मिळून खेळणे असे ते प्रकार होत. वय वाढते तसे शेवटच्या दोन प्रकारांचे प्रमाण वाढते. शेजारी बसणे ही पहिली पायरी असली तरी मिळून खेळणे तिच्यातून आपोआप उद्भवत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आठ-नऊ वर्षांच्या सुमारास निर्माण होणाऱ्या जिवलग मैत्रीला विशेष स्थान दिले आहे. त्यांच्या मते या वयात मुलाला प्रथमच दुसऱ्या व्यक्तीचे सुखदुःख आपल्या सुखदुःखाइतके महत्त्वाचे वाटू लागते. तोपर्यंत ‘मला काय मिळेल’ हा प्रश्न प्रधान असतो; आता ‘त्याला आनंद व्हावा म्हणून मी काय करू’ हा प्रश्न निर्माण होतो. ब्रायन बिगलो यांनी १९७७ मध्ये स्कॉटिश व कॅनेडियन मुलांनी जिवलग मित्राविषयी लिहिलेल्या निबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही अशीच वाटचाल आढळते. लहान मुले जवळ राहणारा व खेळणी असणारा तो मित्र असे सांगतात; थोडी मोठी मुले विश्वास आणि नियमपालन यांचा उल्लेख करतात; अकरा-बारा वर्षांच्या सुमारास समजून घेणे व मनातले सांगणे हे निकष पुढे येतात.

विलार्ड हार्टप यांनी १९९६ च्या लेखात सुचविलेला विवेकही उपयुक्त आहे. मुलाला मित्र आहेत का, ते मित्र कोण आहेत आणि त्या मैत्रीचा दर्जा कसा आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. पालक बहुधा पहिल्याच प्रश्नाशी थांबतात किंवा दुसऱ्याची धास्ती घेतात. तिसऱ्या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नाही.

खेळाच्या भाषेतील धडे

मराठी मुलांच्या खेळातील काही रूढ शब्द तपासले असता त्यांत एक संपूर्ण नीतिशास्त्र दडलेले दिसते. ते कोणी शिकवीत नाही. मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे ते चालत येते.

(१) चकणे आणि राज्य : लपंडाव किंवा पकडापकडी सुरू होण्यापूर्वी राज्य कोणावर येणार हे ठरवावे लागते. त्यासाठी मुले चकतात. तळवे पालथे-उताणे टाकून ज्याचा तळवा वेगळा पडेल तो सुटतो आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य येते. येथे ‘राज्य’ या शब्दाचा अर्थ सत्ता असा नसून ओझे असा आहे, हे लक्षणीय होय. नकोसे काम कोणीतरी करायलाच हवे आणि ते कोणी करावे हे ठरविण्याची रीत सर्वांना मान्य हवी, हा सार्वजनिक जीवनाचा पहिला धडा येथे मिळतो.

झाँ पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला आहे. नियम कोठून आले आणि ते बदलता येतील काय, असे त्यांनी मुलांना विचारले. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांनी किंवा देवाने घालून दिलेले व न बदलणारे वाटत; प्रत्यक्ष खेळताना मात्र ती ते नियम नीट पाळत नसत. दहा वर्षांच्या पुढील मुले नियम आपणच संमतीने केले आहेत असे मानत आणि म्हणूनच ते अधिक काटेकोरपणे पाळत. वरून आलेल्या आज्ञेपेक्षा परस्परसंमतीने झालेला नियम अधिक पाळला जातो, हा निष्कर्ष नागरिकशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाने विचारात घेण्याजोगा आहे.

(२) लिंबूटिंबू : मोठ्या मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यावे लागते तेव्हा त्याला लिंबूटिंबू किंवा कच्चा लिंबू ठरविले जाते. तो खेळतो, धावतो, ओरडतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय नव्हे, दुर्बलाला खेळात ठेवण्यासाठी नियम सैल करावा लागतो, ही जाण या संकेतात आहे. त्याचबरोबर प्रत्येक लिंबूटिंबूच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की तो हे स्थान नाकारतो. मला बाद करा, पण खरा गडी म्हणून घ्या, असा त्याचा हट्ट असतो. सवलत आणि प्रतिष्ठा यांतील ताण प्रौढ समाजात जसा जाणवतो तसा तो अंगणातही असतो. मोठ्या मुलांनी त्याची मागणी योग्य वेळी मान्य करणे हे त्यांच्याही समजुतीचे लक्षण होय.

(३) रडीचा डाव : हरू लागताच नियम बदलणाऱ्याला मुले रडीचा डाव खेळणारा म्हणतात. या आरोपाला कोणतेही न्यायालय नसते. शिक्षा एकच, ती म्हणजे उद्यापासून खेळायला न घेणे. त्यामुळे हरणे सोसण्याची सवय लागते. पालकांबरोबर खेळताना मूल पुष्कळदा जिंकते, कारण मोठी माणसे मुद्दाम हरतात. सवंगडी मुद्दाम हरत नाहीत, आणि हीच त्यांची शैक्षणिक उपयुक्तता आहे.

(४) कट्टी आणि बट्टी : मुलांच्या भांडणाला ठरलेले रूप असते. कट्टी उघडपणे जाहीर होते, तशीच बट्टीही. दोघांनाही परतीचा मार्ग ठाऊक असतो, त्यामुळे कोणालाही फार कमीपणा घ्यावा लागत नाही. प्रौढांच्या अबोल्याला असे रूप नसते. तो वर्षानुवर्षे चालतो, कारण तो संपविण्याची रीत कोणालाच माहीत नसते. येथे भावंड आणि मित्र यांतील फरकही स्पष्ट होतो. भावाशी कितीही भांडले तरी रात्री जेवायला त्याच्याच शेजारी बसायचे असते. मित्र मात्र खरोखरच निघून जाऊ शकतो. तुटू शकणारे नातेच सांधण्याची विद्या शिकविते.

(५) चिमणीच्या दाताने : एकच गोळी किंवा एकच पेरू दोघांत वाटून घ्यायचा असला की मुले सदऱ्याचे टोक त्यावर धरून चिमणीच्या दाताने तो तोडतात. कापड मध्ये असल्याने तो तुकडा उष्टा होत नाही, अशी समजूत. उष्ट्याविटाळाचा घरचा नियम मोडलाही जात नाही आणि खाऊ वाटलाही जातो. वडिलधाऱ्यांच्या जगातील निर्बंध आणि मैत्रीची ओढ यांत मुलांनी काढलेली ही तडजोड आहे. गोपाळकाल्याची परंपरा याच ओढीला धार्मिक मान्यता देते. सर्व गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाव्यात, ही कल्पना वारकरी कीर्तनपरंपरेने शतकानुशतके जपली आणि संतांनी विटीदांडू, चेंडूफळी, हमामा यांसारख्या खेळांवर अभंग रचले. बालक्रीडेतील समता हे सामाजिक समतेचे रूपक होऊ शकते, याची जाण आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे.

सोबतीचे सामर्थ्य

समवयस्कांचे नाते किती खोल असू शकते याचे एक विलक्षण उदाहरण ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या शरदात, तीन-चार वर्षांची सहा अनाथ ज्यू मुले इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात एका घरी आणण्यात आली. तान्हेपणापासून ती तेरेझिन येथील छळछावणीत एकत्र वाढली होती. त्यांना स्थिर असा एकही पालक लाभला नव्हता. नव्या घरी प्रारंभी ती मोठ्यांना चावत, मारत आणि खेळणी मोडत. परंतु एकमेकांपासून क्षणभरही दूर राहण्यास ती तयार नसत. एकाला खाऊ मिळाला की इतरांना मिळाला आहे ना, याची ती खात्री करीत. परस्परांविषयी मत्सर जवळजवळ नव्हता. सोबती हे पालकांना पर्याय ठरतात असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. त्या मुलांना पुढेही अनेक अडचणी आल्या. तथापि, अत्यंत प्रतिकूल स्थितीतही प्रेम करण्याची क्षमता त्या मुलांत टिकून राहिली ती सोबत्यांमुळे, हे नाकारता येत नाही.

सामान्य परिस्थितीतील पुरावाही उपलब्ध आहे. कॅथरीन बॅगवेल, अँड्र्यू न्यूकम आणि विल्यम बुकोव्स्की यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतील मुलांचा बारा वर्षांनंतर पुन्हा मागोवा घेतला. पाचवीत परस्परसंमत असा जिवलग मित्र असणाऱ्यांमध्ये तरुणपणी स्वतःविषयीचा आदर अधिक आढळला. वर्गात लोकप्रिय असणे आणि एक तरी खरा मित्र असणे या भिन्न गोष्टी असून दोहोंचे परिणामही भिन्न असतात, हे या अभ्यासाने दाखविले.

एकत्र असणे आणि सोबत वाढणे

बालमैत्रीचा गौरव करताना तिच्या मर्यादा दृष्टीआड करता येत नाहीत. महाभारताच्या आदिपर्वातील द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र खेळले आणि शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला. दारिद्र्याने गांजलेला द्रोण जुन्या मैत्रीची आठवण घेऊन आला तेव्हा मैत्री तुल्यबळांतच संभवते, असे सांगून द्रुपदाने त्याला नाकारले. त्या अपमानातून उभ्या राहिलेल्या वैराची परिणती सर्वश्रुत आहे. भागवताच्या दशम स्कंधात नेमकी उलट कथा आहे. सांदीपनींच्या आश्रमातील दरिद्री सहाध्यायी, ज्याला लोकपरंपरा सुदामा म्हणते, तो मूठभर पोहे घेऊन द्वारकेस येतो आणि कृष्ण त्याला आपल्या आसनावर बसवितो. दोन्ही कथांत आश्रम एकच प्रकारचा, सहवास एकच प्रकारचा. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. सहवासाने मैत्रीची शक्यता निर्माण होते. ती पुढे टिकेलच याची हमी त्यात नसते.

सहवासातही विषमता पाळली गेली तर काय होते, याचे विदारक चित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात रेखाटले आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी स्वतंत्र गोणपाट होते. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. तहान लागली तर नळ उघडून देण्यासाठी शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही. वर्ग एकच, शिक्षक एकच, पाठ्यपुस्तक एकच. पण सोबत नव्हती. अशा वर्गात बहिष्कृत मुलाला अपमान शिकविला जातो आणि इतर मुलांना, कोणी शब्दाने न सांगता, श्रेष्ठत्व शिकविले जाते. दुसरा धडाही तितकाच घातक असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथात भिन्न गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार अटी सांगितल्या : समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि अधिकारस्थानांचा पाठिंबा. साताऱ्याच्या त्या वर्गात यांतील एकही अट पूर्ण होत नव्हती. त्याच वर्षी, १९५४ मध्ये, मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमा येथील शिबिरात अकरा वर्षांच्या आसपासच्या बावीस मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत गटांत वैर उत्पन्न झाले. केवळ एकत्र जेवल्याने किंवा एकत्र चित्रपट पाहिल्याने ते शमले नाही. बिघडलेला पाणीपुरवठा शोधणे, बंद पडलेली गाडी दोराने ओढणे अशी दोघांशिवाय न होणारी कामे पुढे आली तेव्हा ते ओसरू लागले. संशोधकांनीच वैराला खतपाणी घातले, अशी टीका या प्रयोगावर नंतर झाली आहे आणि ती रास्त आहे. तरीही समान कामाची गरज हा मुद्दा त्यामुळे बाद होत नाही.

भारतीय संदर्भात गौतम राव यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खासगी शाळांना २००७ पासून वीस टक्के जागा गरीब कुटुंबांतील मुलांना देणे बंधनकारक करण्यात आले. अशा वर्गांत वाढलेली संपन्न घरांतील मुले अधिक उदार आढळली, धर्मादाय कामात अधिक सहभागी झाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी दिसले. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली, परंतु हिंदी व गणित यांत फरक दिसला नाही. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरानुसार केलेले होते. ज्या संपन्न मुलांच्या गटात अशा योगायोगाने गरीब मुले आली, त्यांच्यात परिणाम अधिक स्पष्ट होता. वर्गात कोण आहे याइतकेच आपल्या गटात कोण आहे यालाही महत्त्व असते, हे यावरून दिसते.

राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतील सात कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचे विश्लेषण केले. गरीब मुलांची संपन्नांशी मैत्री जेथे अधिक होते तेथे त्या मुलांचे प्रौढपणीचे उत्पन्नही अधिक असते, असे त्यांना आढळले. वर्गांतील दुराव्याचा सुमारे निम्मा भाग परस्परांशी गाठच न पडल्यामुळे असतो आणि उरलेला निम्मा गाठ पडूनही मैत्री न केल्यामुळे असतो. एका छपराखाली आणणे हे अर्धेच काम होय, हे यातून ध्यानी येते.

मुलींच्या मैत्रीचा प्रश्न

बालमैत्रीवरील लेखनात मुलगा हाच नायक गृहीत धरलेला असतो. एलिनॉर मॅकोबी यांनी १९९८ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तिसऱ्या वर्षापासून पौगंडावस्थेपर्यंत मुले-मुली बहुधा आपापल्या गटात खेळतात. आपल्याकडे या कलाला सामाजिक बंधनांची जोड मिळते. मुलीच्या खेळाचा परिसर अंगणापुरता, वेळ कामे आटोपल्यानंतरची आणि पुष्कळदा कडेवर धाकटे भावंड. सागरगोटे, भातुकली, झिम्मा, फुगडी, भोंडला या खेळांना मैदान लागत नाही, ही बाब केवळ आवडीची नाही. बालविवाहाच्या काळात सासरी जाताच मैत्रिणी कायमच्या दुरावत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, त्यानंतरही ही स्थिती सावकाश बदलली. लंगोटीयार या शब्दाला स्त्रीलिंगी प्रतिशब्द नाही, हे भाषेने ठेवलेले मौन बोलके आहे. मुलीची शाळा जितकी वर्षे वाढली तितके तिच्या मैत्रीचेही आयुष्य वाढले; स्त्रीशिक्षणाचा हा लाभ कोणत्याही अहवालात मोजला जात नाही.

बदलती परिस्थिती

महाराष्ट्रातील आजच्या परिस्थितीत सोबत वाढण्याच्या संधीवर काही प्रवृत्तींचा विपरीत परिणाम होत आहे.

पहिली प्रवृत्ती शाळांच्या वर्गवारीची. एका गावातील किंवा एका प्रभागातील मुले आता शुल्काच्या ऐपतीनुसार वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय अथवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली. या वादात शुल्कप्रतिपूर्ती आणि जागांची संख्या यांची चर्चा पुष्कळ झाली. कोणती मुले कोणाच्या शेजारी बसून वाढतील, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहिला.

दुसरी प्रवृत्ती हंगामी स्थलांतराची. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, अशी तेथील मोजणी. बरोबर गेलेली मुले कोपीवर राहतात, मुली भावंडे सांभाळतात. मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर अभ्यास मागे पडलेला असतो, हे सर्व जण जाणतात. परंतु तोवर खेळातले भिडू बदललेले असतात, बाकावरची जागा भरलेली असते आणि वर्गातल्या गमतीजमती आपल्यावाचून घडून गेलेल्या असतात, याची दखल घेतली जात नाही. दरवर्षी पुन्हा नव्याने ओळख करून घेण्याचा कंटाळा हेही शाळा सुटण्याचे एक कारण असू शकते. गावातच राहण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहे या दृष्टीनेही मोलाची आहेत. ती हजेरीइतकीच सोबतही टिकवितात.

तिसरी बाब लहान शाळांची. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना पुढे आली. चार मुलांच्या शाळेत समवयस्क सोबती मिळत नाहीत, हा समूह शाळेच्या बाजूचा खरा युक्तिवाद आहे. दुसरीकडे, शाळा दूर गेल्यास सर्वप्रथम मुलींची व गरीब मुलांची सोबत तुटते, हाही तितकाच खरा आहे. निर्णय घेताना दोन्ही बाजू तोलणे आवश्यक आहे.

मार्च २०२० नंतर महासाथीमुळे प्राथमिक वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बहुतांश ठिकाणी बंद राहिले. पडद्यावरून पाठ पोचले, पण मधली सुट्टी पोचली नाही. पहिली-दुसरीच्या वयात भांडण व समेट यांचा सराव न झालेली ही पिढी पुढील काही वर्षांत महाविद्यालयांत येणार आहे.

या सर्वांच्या उलट दिशेने जाणारी उदाहरणेही आपल्याकडे आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाड येथे नेलेले कार्य हे त्यांपैकी एक. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणावर नेण्याची कुरणशाळेची कल्पना तेथे साकारली. मुलांचा असलेला गट न मोडता त्यालाच वर्ग मानणे, हे तिचे मर्म होते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेल्या अन्नाच्या रूपात रुजलेल्या माध्यान्ह भोजनाकडेही पोषणाखेरीज पंगत या दृष्टीने पाहता येते. अर्थात, पंगत एक असेल तरच.

अध्यापकांची जबाबदारी

मैत्री आज्ञेने होत नाही. तिला अनुकूल परिस्थिती मात्र निर्माण करता येते. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वर्णभेदाने तणावग्रस्त झालेल्या वर्गांसाठी, एक सोपी पद्धत तयार केली. धड्याचे भाग पाडून लहान मिश्र गटातील प्रत्येकाला एकेक भाग द्यावयाचा. इतरांचे ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण धडा कळू शकत नाही. ज्याला वर्गात कोणी विचारीत नसे त्याचेही ऐकणे भाग पडते. ही पद्धत महाविद्यालयीन तासिकेतही विनासायास वापरता येते.

महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांचे गट, प्रकल्पाच्या जोड्या, शिबिरातील तुकड्या, वसतिगृहातील खोल्या यांची वाटणी विद्यार्थ्यांवर सोडली की जुनीच वर्तुळे पुन्हा उमटतात. एका माध्यमाची, एका शाळेची, कित्येकदा एका जातीची मुले एकत्र येतात. ही वाटणी विचारपूर्वक करणे हा अध्यापकांच्या हातातील साधा उपाय आहे. त्याचबरोबर प्रत्येक कुरबुरीत न्यायनिवाडा करण्याचा मोह शालेय शिक्षकांनी टाळावा. मारहाण, छळ व बहिष्कार येथे हस्तक्षेप अपरिहार्यच आहे; पण साधी कट्टी मुलांची मुलांनाच सोडवू द्यावी.

निष्कर्ष

१. बालमैत्री हे समपातळीवरील नाते असल्यामुळे नियम, न्याय, पराभव, समेट आणि वाटून घेणे यांचे जे शिक्षण तिच्यातून मिळते ते कुटुंब किंवा शाळा पूर्णपणे देऊ शकत नाही.

२. एकाच वर्गात बसणे म्हणजे सोबत वाढणे नव्हे. समान दर्जा आणि समान काम यांच्या अभावी सहवास विषमताच दृढ करू शकतो.

३. मुलांचे सोबती प्रौढांच्या निर्णयांतून ठरतात. म्हणून प्रवेशाचे धोरण, शाळांचे समायोजन आणि स्थलांतरितांच्या सोयी यांचा विचार करताना मुलांच्या सोबतीचा निकष स्पष्टपणे मांडला जावा.

४. मुलींच्या मैत्रीला वेळ, जागा आणि वर्षे मिळणे हे स्त्रीशिक्षणाचे एक स्वतंत्र उद्दिष्ट मानावे.

५. सतरा-अठराव्या वर्षी महाविद्यालयात येणारा विद्यार्थी मैत्रीच्या सवयी घेऊनच येतो. त्या सवयी अपुऱ्या असतील तर अनोळखी सहाध्यायाशी मैत्री करण्याची पदवीपूर्व काळ ही बहुधा शेवटची मोठी संधी असते. त्यानंतर व्यवसाय, वस्ती आणि विवाह यांची वर्तुळे आवळू लागतात. ती संधी वाया जाऊ न देणे अध्यापकाला शक्य आहे.